माळव्यातील हिवाळा आणि कंदवर्गीय फुलझाडांची निवड

फुलझाडांमध्ये कंदवर्गीय फुलझाडांचे स्थान काहीसे निराळे आहे. बियांपासून वाढणाऱ्या रोपाला उगवल्यानंतर थोड्याच दिवसांत आपले अन्न स्वतः मिळवावे लागते. कंद मात्र मागील हंगामात साठविलेली शिदोरी बरोबर घेऊनच जमिनीत उतरतो. या शिदोरीमुळे लागवड सोपी होते, थोड्या श्रमांत भरघोस फूल मिळते. परंतु तिच्यामुळेच बागाईतदाराची फसगतही होते. दूरच्या थंड प्रदेशात पोसलेला कंद नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी फुलला, तर तेथील हवामान त्याला मानवले असे समजण्यात येते. प्रत्यक्षात ते फूल आधीच्या प्रदेशातील कमाईवर आलेले असते. दुसऱ्या वर्षी केवळ पाने येतात, तिसऱ्या वर्षी पानेही येत नाहीत, आणि कंदांवर केलेला खर्च मातीत जातो. म्हणून कंदाची निवड करताना पहिल्या वर्षीच्या फुलावर न विसंबता, आपल्या गावच्या हिवाळ्यात हा कंद पुन्हा भरेल काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

मध्य प्रदेशातील धार आणि देवास या जिल्ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अठराव्या शतकात पवार घराण्याबरोबर माळव्यात आलेली अनेक मराठी कुटुंबे या दोन्ही शहरांत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आहेत. अंगणातील तुळशीवृंदावनाभोवती निशिगंध, कर्दळ आणि लिली लावण्याची रीत त्यांच्या घरांतून आजही आढळते. संस्थानी काळात राजवाड्यांच्या बागांनाही महत्त्व होते. १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून काम केलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्याकडे इतर कामांबरोबर बागांची देखरेखही सोपविण्यात आली होती. अलीकडे शहरांतील हौशी बागाईतदारांप्रमाणेच, इंदूरची बाजारपेठ जवळ असल्यामुळे लहान शेतकरीही फुलशेतीकडे वळू लागले आहेत. हौशी माणसाचा कंद वाया गेल्यास मनाची निराशा होते. अर्धा एकर जमिनीवर कंद लावणाऱ्या शेतकऱ्याचे मात्र वर्षभराचे भांडवल बुडते. कारण कंदवर्गीय पिकांत लागवडीच्या खर्चाचा फार मोठा वाटा कंदांच्या किमतीचाच असतो.

माळव्याच्या थंडीचे स्वरूप

धार आणि देवास ही दोन्ही शहरे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेली आहेत. या पठारावर नोव्हेंबरपासून रात्री थंड होऊ लागतात. जानेवारीत रात्रीचे तपमान सरासरीने १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उत्तरेकडील थंड वाऱ्यांची लाट आली म्हणजे काही रात्री ते ४-५ अंशांपर्यंतही उतरते. रजई घेऊन झोपणाऱ्या माणसाला ही थंडी कडाक्याची वाटते, आणि येथे थंड प्रदेशातील कोणतेही फूल सहज येईल असा समज होतो.

परंतु कंद माणसाप्रमाणे रात्रीच्या हवेत राहत नाही. तो जमिनीत दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवर असतो. त्या खोलीवर रात्रीची थंडी व दिवसाची ऊब यांची सरासरी होते. जानेवारीतही माळव्यात दुपारचे तपमान २५-२६ अंशांपर्यंत चढते. रात्रीचे १० आणि दुपारचे २६ अंश धरले, तर सरासरी सुमारे १८ अंश येते, आणि कंदाभोवतीची माती साधारणतः याच सुमारास राहते. याचाच अर्थ, वर लोकरीचे कपडे घालावे लागत असले, तरी जमिनीतील कंदाच्या दृष्टीने तो हिवाळा सौम्य असतो. फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागते आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. थंडीचा खरा काळ अडीच ते तीन महिन्यांचाच असतो.

या दोन जिल्ह्यांत सर्वत्र हवामान सारखे नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. धार, बदनावर, देवास, सोनकच्छ, टोंकखुर्द हा भाग पठारावर आहे. विंध्य पर्वताचा घाट उतरला, की धार जिल्ह्यातील मनावर, धरमपुरी, कुक्षी आणि देवास जिल्ह्यातील खातेगावकडील भाग नर्मदेच्या खोऱ्यात येतो. हा भाग पठाराहून सखल आणि अधिक उष्ण आहे. त्यामुळे देवास शहरात चांगले फुललेले थंडीचे पीक त्याच जिल्ह्यात नर्मदेकाठी तसेच येईल, अशी खात्री देता येत नाही.

कंदाची दोन प्रकारची विश्रांती

बहुतेक कंद वर्षातील काही महिने विश्रांती घेतात. या सुप्तावस्थेचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. काही कंदांना जागे होण्यासाठी दीर्घकाळ थंडी लागते. ट्यूलिप, हायसिंथ आणि मोठ्या पिवळ्या फुलांचे डॅफोडिल हे या वर्गातील होत. ते मूळचे अशा डोंगराळ वा शीत प्रदेशांतील आहेत, की जेथे हिवाळ्यात जमीन कित्येक आठवडे अतिशय थंड असते. दुसऱ्या वर्गातील कंद थंडीमुळे नव्हे, तर कोरड्या ऋतूमुळे झोपी जातात. मेक्सिकोतून जगभर पसरलेले निशिगंध व डेलिया, दक्षिण अमेरिकेतील अमरिलिस ही यांची उदाहरणे होत. या कंदांना कोरडी विश्रांती मिळाली, की पाणी व योग्य ऊब मिळताच ते पुन्हा वाढू लागतात.

माळव्यात दुसऱ्या वर्गाची विश्रांती सहज साधते. येथील पाऊस बव्हंशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने पाणी देणे वा न देणे हे बागाईतदाराच्या हाती असते. पहिल्या वर्गाला हवी असलेली थंडी मात्र कोणाच्याही हाती नाही. निवडीचे बहुतेक सारे रहस्य या एका भेदात सामावलेले आहे.

ट्यूलिप का टिकत नाही

ट्यूलिपचे फूल त्याच्या कंदात आदल्या उन्हाळ्यातच, बारीक कळीच्या रूपाने तयार झालेले असते. ती कळी वर येण्यासाठी कंदाला सुमारे १२ ते १६ आठवडे ९ अंशांहून कमी तपमान मिळावे लागते. या काळात कंदातील पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर होते आणि दांडा लांब होण्याची तयारी होते. थंडी अपुरी पडली, तर दांडा आखूड राहतो, कळी पानांतच अडकते किंवा सुकून जाते. श्रीनगर येथे जानेवारीत रात्रीचे तपमान शून्याखाली जाते व दिवसाही हवा थंड असते. म्हणून दाल सरोवराकाठी २००७ साली उभारण्यात आलेल्या उद्यानात ट्यूलिपचे ताटवे दरवर्षी बहरतात. माळव्यातील १८ अंशांच्या मातीत ही गरज भागणे शक्य नाही.

नवी दिल्लीच्या रस्त्यांच्या कडेला अलीकडच्या काही वर्षांत फेब्रुवारीत ट्यूलिप फुललेले दिसतात, मग धारमध्ये का नाही, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की ते कंद नेदरलँड्समधून आणविले जातात आणि लागवडीपूर्वीच त्यांना शीतगृहात आवश्यक थंडी दिलेली असते. अशा रीतीने धार-देवास येथेही कुंडीत एकदा फूल येऊ शकेल. परंतु पुढील अडचण याहून मोठी आहे. ट्यूलिपचा जुना कंद दरवर्षी संपून जातो आणि त्याच्या जागी नवे कंद तयार होतात. ते भरण्यासाठी फुलोऱ्यानंतर पाने कित्येक आठवडे थंड हवेत हिरवी राहावी लागतात. माळव्यात मार्चमध्येच ऊन कडक होऊन पाने पिवळी पडतात, आणि नवे कंद अपुऱ्या वाढीचे, फूल न देणारे निघतात. म्हणून ट्यूलिप येथे लावावयाचाच असेल, तर तो एका हंगामाचा खर्च समजूनच लावावा. हायसिंथ व मोठे डॅफोडिल यांनाही हाच नियम लागू आहे.

घरगुती फ्रिजमध्ये कंद ठेवून थंडी देण्याचा प्रयोग काही जण करतात. तसे करताना कंद कागदी पिशवीत, कोरडे ठेवावेत आणि त्याच कप्प्यात सफरचंद, केळी यांसारखी पिकणारी फळे ठेवू नयेत. फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे कंदातील कोवळी कळी मरते.

काळी जमीन व पाण्याचा निचरा

हवामानाइतकेच महत्त्व जमिनीला आहे. माळव्याची काळी, चिकण जमीन गहू, हरभरा व सोयाबीन यांना पोषक असली, तरी कंदांच्या दृष्टीने ती अवघड आहे. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. विश्रांती घेणारा कंद अशा ओल्या मातीत राहिला, तर कुजतो. थंडीमुळे मेला असे समजून टाकून दिलेले कित्येक कंद वस्तुतः आधीच्या पावसाळ्यातच कुजलेले असतात.

यावर उपाय म्हणजे २० ते ३० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे तयार करणे. त्यांत चांगले कुजलेले शेणखत भरपूर प्रमाणात मिसळावे. चिकण मातीत मूठभर वाळू मिसळून काहीही साधत नाही. निचऱ्यासाठी वाफ्याची उंची आणि सेंद्रिय खत यांवरच भर द्यावा. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण सोयीचे असते. ज्या कंदांची विश्रांती पावसाळ्यात येते ते उन्हाळ्यातच काढून, सावलीत सुकवून, हवेशीर जागी ठेवावेत.

माळव्यास योग्य कंद

निशिगंध : या भागातील सर्वांत भरवशाचा कंद म्हणजे निशिगंध, अर्थात गुलछडी. त्याची वाढ उबदार हवेत होते. म्हणून थंडी सरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये लागवड करावी. दीड ते तीन सेंटिमीटर व्यासाचे कंद ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावेत. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुले मिळतात. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते. त्या वेळी पाणी कमी करावे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या जातींपैकी ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ या एकेरी, तर ‘सुवासिनी’ व ‘वैभव’ या दुहेरी फुलांच्या जाती आहेत. हार व वेण्यांसाठी एकेरी फुले आणि फुलदाणीसाठी दुहेरी फुले अधिक पसंत केली जातात. एकदा लावलेले पीक दोन-तीन वर्षे ठेवता येते.

ग्लॅडिओलस : माळव्याचा हिवाळा ज्याला नेमका मानवतो असा हा कंद आहे. १० ते २५ अंश तपमान व भरपूर ऊन त्याला हवे असते, आणि पठारावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हे दोन्ही मिळते. चार-पाच सेंटिमीटर व्यासाचे कंद सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, ३० × २० सेंटिमीटर अंतरावर, ८ ते १० सेंटिमीटर खोल लावावेत. लागवडीपूर्वी ते कॅप्टनच्या ०.३ टक्के द्रावणात अर्धा तास बुडवून घेतल्यास कंदकुजीस आळा बसतो. जातीनुसार दोन ते साडेतीन महिन्यांत फुलदांडे येतात. सर्व कंद एकाच दिवशी न लावता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावल्यास बाजारात माल टप्प्याटप्प्याने नेता येतो. धनुर्मास संपून जानेवारीच्या मध्यानंतर लग्नसराई पुन्हा सुरू होते. त्या वेळी दांडे तयार व्हावेत या हिशेबाने लागवडीची तारीख ठरवावी.

दांडा कापताना खालची चार पाने झाडावर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण पुढील वर्षाचा कंद त्याच पानांवर पोसला जातो. लांब दांड्याच्या मोहाने सर्व पाने कापणारा शेतकरी पुढील हंगामाचे बियाणेच बाजारात विकत असतो. कापणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, पाने पिवळी पडल्यावर कंद काढून सुकवावेत. त्यांना पुन्हा उगवण्यासाठी सुमारे तीन महिने ४-५ अंश तपमानाची साठवण उपयुक्त ठरते. माळवा हा बटाटा पिकविणारा प्रदेश असल्याने येथे शीतगृहे आहेत. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपले कंद तेथे ठेवल्यास दरवर्षी नवे कंद विकत घेण्याचा खर्च बराच वाचतो.

डेलिया : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड केल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मोठी, रंगीत फुले येतात. डेलियाच्या गड्ड्याला डोळा त्याच्या मानेपाशी, जुन्या खोडाजवळ असतो. केवळ जाड मुळाचा तुकडा लावल्यास तो उगवत नाही. म्हणून गड्डे विभागताना प्रत्येक तुकड्यास खोडाचा डोळा असलेला भाग ठेवावा. हे झाड कडाक्याच्या थंडीला मात्र फार नाजूक आहे.

नरगिस, फ्रीझिया व रॅननक्युलस : थंड प्रदेशाच्या फुलांची हौस असणाऱ्यांनी ट्यूलिपऐवजी यांचा विचार करावा. पांढऱ्या, झुबकेदार, सुवासिक फुलांच्या नरगिसला डॅफोडिलप्रमाणे दीर्घ थंडी लागत नाही. ऑक्टोबरमध्ये लावल्यास हिवाळ्यातच फूल येते. फ्रीझिया मूळचा दक्षिण आफ्रिकेतील. त्याचा कंद थंडीने नव्हे, तर उन्हाळ्याच्या उष्णतेने जागा होतो व नंतर त्याला थंड रात्री हव्या असतात. माळव्याचा ऋतुक्रम त्याला अनुकूल आहे. रॅननक्युलसचे वाळलेले कंद तीन-चार तास पाण्यात भिजवून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावेत. ही तिन्ही पिके पठारावरच, आणि शक्यतो कुंडीत घ्यावीत, म्हणजे पावसाळ्यात कंद कोरडे ठेवणे सुलभ होते.

अमरिलिस, पावसाळी लिली व कर्दळ : नर्मदेच्या खोऱ्यातील उष्ण गावांसाठी आणि ज्यांना फार निगा राखणे शक्य नाही त्यांच्यासाठी हे कंद उत्तम होत. अमरिलिसची मान व कंदाचा वरचा भाग मातीबाहेर ठेवावा; हिवाळ्यात पाणी तोडले, की उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलदांडा येतो. पावसाळी लिली पावसाच्या सरींनंतर फुलते. कर्दळ तर काळ्या, ओल्या जमिनीतही तग धरते.

पाल्यापासून संरक्षण

मराठीत ‘पाला’ म्हणजे झाडाची पाने. माळव्यातील शेतकऱ्याच्या बोलीत मात्र ‘पाला पडला’ म्हणजे पिकावर दव गोठले. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि दुपारपासूनच हवा बोचरी, अशी लक्षणे दिसल्यास त्या रात्री पाल्याचा धोका असतो. थंड हवा जड असल्याने ती सखल जागी साचते. म्हणून डेलिया किंवा ग्लॅडिओलस नाल्याकाठच्या खोलगट वाफ्यांत लावू नयेत. धोका दिसताच संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक धरून ठेवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. कुंड्या ओसरीत घ्याव्यात; वाफ्यांवर गोणपाट किंवा गवताचे आच्छादन घालून सकाळी ते काढावे. पाल्याने निशिगंधाची पाने करपली, तरी घाबरून कंद उपटू नयेत. मातीतील कंद बहुधा सुरक्षित असतो आणि ऊब येताच पुन्हा फुटतो.

खरेदी करताना

कंद आकाराच्या मानाने जड, घट्ट व बुरशीरहित असावा. दाबल्यास मऊ लागणारे वा तळाशी डाग असलेले कंद घेऊ नयेत. वेष्टनावरील चित्राकडे पाहण्यापूर्वी विक्रेत्यास तीन गोष्टी विचाराव्यात : कंद कोठे वाढविलेला आहे, त्याला थंडी देऊन झालेली आहे काय, आणि त्याची विश्रांती कोणत्या महिन्यांत येते. शक्य असल्यास गावातच दोन-तीन वर्षे टिकलेल्या झाडाचे कंद मिळवावेत. शेजाऱ्याच्या अंगणात तिसऱ्यांदा फुललेला कंद हा दूरदेशच्या सुंदर चित्रापेक्षा अधिक विश्वसनीय पुरावा होय.

एक साधा तपमापक वाफ्यात दहा सेंटिमीटर खोल रोवून, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रोज ठरावीक वेळी मातीचे तपमान वहीत टिपून ठेवल्यास आपल्या गावचा हिवाळा कंदाच्या दृष्टीने किती थंड आहे, हे प्रत्येकास स्वतःच कळू शकेल. त्याच वहीत कोणता कंद केव्हा लावला, केव्हा फुलला, आणि काढल्यावर तो लावल्या वेळेपेक्षा मोठा निघाला की लहान, याचीही नोंद करावी. जो कंद जमिनीतून अधिक भरून निघतो, तो त्या गावचा झाला असे समजावे. शेतकऱ्याने नव्या जातीचे क्षेत्र वाढविण्यापूर्वी ती प्रथम एका वाफ्यात लावून ही दुसऱ्या वर्षाची परीक्षा घ्यावी, म्हणजे हौस आणि भांडवल या दोहोंचेही रक्षण होईल.